शस्त्रक्रियेनंतरचा पाय पाहायला शिकाऊ सर्जनांना सीमाभागात पाठवा

प्रति,
अध्यक्ष व सदस्य,
पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण मंडळ, राष्ट्रीय वैद्यकीय आयोग,
आणि
राष्ट्रीय वैद्यकीय विज्ञान परीक्षा मंडळ,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात काम करणारा जनरल सर्जन. व्हॅस्क्युलर म्हणजे रक्तवाहिन्यांचा सर्जन नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरीही आपल्या अभ्यासक्रमातून तयार झालेल्या व्हॅस्क्युलर सर्जनांचे काम मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, आणि ते स्वतः पाहतात त्याहून जास्त दिवस पाहत आलो आहे. पत्राचा विषय तोच आहे. इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाला टपालाने वेगळी धाडली आहे. मराठीत अशासाठी लिहितो की ज्यांच्या पायांविषयी हे लिहिले आहे त्यांच्या घरातल्या कुणीतरी वाचावे, आणि आमच्या भागातली जी पोरे एमएस करून सुपरस्पेशालिटीच्या अभ्यासाला बसली आहेत त्यांच्याही नजरेस पडावे.

मागणी एकच आहे. एमएसनंतरच्या तीन वर्षांच्या एमसीएच किंवा डीआरएनबी या व्हॅस्क्युलर सर्जरीच्या सुपरस्पेशालिटी अभ्यासक्रमांत प्रत्येक विद्यार्थ्याला सलग तीन महिने मोठ्या शहराबाहेर, जिथून रुग्ण येतात त्या मुलखात पोस्टिंग द्यावे. आमच्यापुरते बोलायचे तर निपाणी, चिकोडी, अथणी, खानापूर. एमडी-एमएसच्या मुलांसाठी जिल्हा निवासी कार्यक्रम आपणच आणलात. तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा रुग्णालयात. सुपरस्पेशालिटीला तो लागू नाही. कारण उघड आहे: तालुक्याला कॅथलॅब (पडद्यावर बघत रक्तवाहिनीत नळी घालून उपचार करायची खोली) नाही, व्हॅस्क्युलरचे ऑपरेशन थिएटर नाही, मग हा मुलगा तिथे बसून शिकणार काय? प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या मुलांची तीन वर्षे कशी जातात ते मी आमच्याकडून गेलेल्या विद्यार्थ्यांकडून ऐकत असतो. वॉर्ड, थिएटर, कॅथलॅब, डुप्लेक्सची (रक्तवाहिन्यांच्या सोनोग्राफीची) लॅब. मधे काही आठवडे हृदयशस्त्रक्रिया विभागात, काही इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीत, काही आयसीयूत. 1990 साली ब्युनोस आयर्समध्ये पारोडींनी पोटातल्या महाधमनीच्या फुग्यात जांघेतून स्टेंटग्राफ्ट (जाळीचा आधार असलेली कृत्रिम नळी) बसवून दाखवला, तेव्हापासून या शाखेचा तोंडवळाच बदलत गेला. पूर्वी सुरी आणि टाके शिकायचे; आता तेही शिकायचे आणि वर वायर, कॅथेटर, बलून, शिवाय पडद्यावर बघत हात चालवायची सवय. एवढे सगळे तीन वर्षांत बसवायचे म्हणजे मुलगा शिशाचा एप्रन अंगावरून उतरवतो कधी, हाच प्रश्न. त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदरच आहे. आमच्या काळी एमएसच्या तीन वर्षांत निम्मा वेळ रक्ताच्या बाटल्यांमागे धावण्यात जायचा.

पण या वेळापत्रकात एक गोष्ट कुठेच नाही. बायपास केला, बलूनने वाहिनी रुंद केली, फिश्च्युला (डायलिसिससाठी धमनी आणि नीलेची जोडणी) जोडला, लॉगबुकात नोंद झाली. त्या पायाचे, त्या हाताचे दोन-तीन महिन्यांनी काय झाले, ते करणाऱ्याने क्वचितच पाहिलेले असते. निपाणीहून बेंगळुरू साडेपाचशे किलोमीटरहून लांब. टाके काढायला तिकडे कोण जाणार? ते माझ्याकडे किंवा माझ्यासारख्या कुणाकडे येतात. येताना इंग्रजीतले डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्रामची सीडी आणि गोळ्यांची पाकिटे घेऊन येतात. रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या. पहिले पाकीट दवाखान्यातून मिळालेले असते. ते संपले की दुसरे आणायचे असते हे कार्डावर लिहिलेले असते, घरात कुणी वाचलेले नसते. ‘पाय बरा झालाय की, आता गोळी कशाला’ असे म्हणणारा माणूस मूर्ख नसतो, त्याच्या हिशेबात पाय खरेच बरा झालेला असतो. दुखत नाही, जखम भरली, मग औषध कसले?

नीलेचा तुकडा वापरून केलेला बायपास पहिल्या वर्षात आतून अरुंद होऊ शकतो. तसा होतोय हे डुप्लेक्समध्ये आधी दिसते, आणि तेव्हा एखाद्या बलूनवर भागते. एकदा पुरता बंद पडला की पुन्हा उघडणे महाकठीण. पाठ्यपुस्तकात यासाठी ठरावीक महिन्यांनी तपासणी सांगितली आहे. आमच्याकडचा रुग्ण त्या तपासणीला जात नाही. मग संस्थेच्या संशोधनात त्याच्या नावापुढे ‘लॉस्ट टू फॉलोअप’, म्हणजे पुढे तपासणीला न आलेला, असे लिहिले जाते. साहेब, आपल्या शोधनिबंधांत हरवलेली ही माणसे हरवलेली नाहीत. ती माझ्या ओपीडीच्या बाकड्यावर बसलेली आहेत. ज्या मुलाने त्यांचा पाय वाचवला त्याने एकदा येऊन ते बाकडे बघावे, एवढेच मी मागतो आहे. आपण केलेल्या कामाचा निकाल डोळ्यांनी न बघता कुणी सर्जन होऊ नये. हर्नियाचा सर्जन होत नाही, पित्ताशयाचा होत नाही, मग रक्तवाहिन्यांचाच का व्हावा?

आता निपाणीबद्दल. इथला बिडीचा तंबाखू देशभर ओळखला जातो. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बेंगळुरू महामार्ग अडवून भाव मागितला तो याच तंबाखूचा. वखारींत काम करणाऱ्या बाया, बिडी वळणाऱ्या बाया, गाडीवान, हमाल, दलाल, सगळ्या गावाचे पोट या पिकावर चालत आले. आणि याच गावांतून तिशी-पस्तिशीचा एखादा गडी पायाचे बोट काळे पडलेय म्हणून येतो. मधुमेह नाही, कोलेस्टेरॉल ठीक, हृदय ठीक. रात्रभर पाय खाटेखाली सोडून बसलेला असतो. ‘खाली सोडला की जरा बरं वाटतंय डॉक्टर, वर घेतला की लई ठणकतंय.’ हा बर्गरचा आजार. 1908 साली न्यूयॉर्कमध्ये लिओ बर्गर यांनी कापून काढलेले पाय तपासून त्याचे वर्णन केले. आजही तो तंबाखू ओढणाऱ्या तरुणांत दिसतो.

व्हॅस्क्युलरच्या विद्यार्थ्याला हा आजार पाठ असतो. अँजिओग्रामवर घोट्याखालच्या वाहिन्या तुटलेल्या आणि भोवती बूच उघडायच्या स्क्रूसारख्या वळणांच्या नव्या वाहिन्या, हे चित्र परीक्षेत हमखास येते. बायपास बहुधा शक्य नसतो, कारण रक्त नेऊन सोडायला खाली वाहिनीच शिल्लक नसते. खरा उपाय एकच, तंबाखू पूर्ण बंद. हेही पाठ असते. पण ते ‘बंद’ करून घेणे म्हणजे काय, हे शहरातल्या वॉर्डात कसे कळावे? तिथे रुग्ण दहा दिवस असतो, बिडीला हात लावत नाही, सगळे खूष. घरी आला की तो उद्या परत वखारीतच कामाला जाणार असतो. दिवसभर तंबाखूत हात, मजुरी तंबाखूची, घरात बायको बिड्या वळते, आणि आपण त्याला सांगतो की सोड. काही जण खरेच सोडतात. काही बिडी सोडतात आणि मशेरी धरतात. निकोटिन कुठल्या का वाटेने होईना आत गेले की आजार जागा राहू शकतो, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. पहिल्या महिन्यात सोडलेला तिसऱ्या महिन्यात, गळिताचा हंगाम संपून हातात चार पैसे आले की, पुन्हा सुरू करतो. बोट गेले, मग चवडा गेला, मग गुडघ्याखालून पाय. दर टप्प्यावर एक ऑपरेशन, आणि दर टप्प्यावर वेगळा डॉक्टर. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच माणसाने पाहिलेला असा एकही पाय बहुतेक प्रशिक्षणार्थींच्या अनुभवात नसतो. माझ्याकडे असे पाय आहेत, आणि दाखवायला मला आनंद नाही, पण दाखवीन.

मधुमेही पायाबद्दल फार लिहीत नाही, तो सगळीकडेच आहे. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या पाण्यावर ऊस झाला, उसाबरोबर पैसा आला, पैशाबरोबर साखर रक्तातही आली. बधिर पायाला गरम पाण्याचा शेक देऊन भाजून घेणे, कुरूप ब्लेडने घरीच कापणे, जखमेत हळद भरणे, अनवाणी सरीत उतरणे. घोटा आणि दंडाच्या रक्तदाबाची तुलना करायला एक पेन डॉपलर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारे छोटे यंत्र), एक रक्तदाबाचा पट्टा आणि दहा मिनिटे लागतात. गुणोत्तर 0.9 च्या खाली आले तर रक्तपुरवठा कमी आहे. मात्र मधुमेहात धमनी चुन्यासारखी कडक झालेली असली तर आकडा खोटा चांगला येतो, तेव्हा अंगठ्याचा दाब बघावा लागतो. ही तपासणी व्हॅस्क्युलरच्या विद्यार्थ्याने आमच्या नर्सेसना महिनाभर शिकवली तर तिचा उपयोग त्याच्या कुठल्याही एका बायपासपेक्षा जास्त दिवस टिकेल. हे माझे मत, वाद घालायला मी तयार आहे.

डायलिसिसच्या हाताविषयी मात्र थांबून लिहायलाच हवे. आता तालुक्यांच्या रुग्णालयांतही डायलिसिसची यंत्रे आली, ही मोठी सोय झाली. पण यंत्रापर्यंत रक्त न्यायला वाट लागते. मनगटाजवळ धमनी आणि नीला जोडून ती वाट करायची पद्धत 1966 पासूनची, ब्रेसिया आणि चिमिनो यांची. ऑपरेशन तासाभराचे, जागेवर भूल देऊन. विद्यार्थी ती दुसऱ्या वर्षात एकट्याने करू लागतो. जोडणी झाल्यावर नीला फुगून सुईजोगी व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. मग कधी ती फुगतच नाही, कधी खोल राहते, कधी शेजारची फांदी सगळे रक्त पळवून नेते. हे कळते कुठे? डायलिसिसच्या खुर्चीवर, टेक्निशियनला सुई घालताना. जोडणी करणारा तोवर पुढच्या पोस्टिंगला गेलेला असतो.

इथे तीन महिने राहिलेला मुलगा स्वतः केलेला फिश्च्युला सहाव्या आठवड्यात स्वतःच्या बोटांनी तपासेल, थ्रिल, म्हणजे वाहत्या रक्ताची थरथर, लागतेय की नाही ते पाहील, आणि पहिली सुई पडताना तिथे उभा असेल. एकाच जागी रोज सुई टोचून तिथे फुगा झालेला हात त्याला दिसेल. ज्या हातावर फिश्च्युला करायचा त्याच हातातून आधी सलाइन लावून नीला बाद केल्याचे तर रोजच दिसेल, आणि ते थांबवायला कुणाला काय सांगायचे हे तो शिकेल. मानेतली नळी महिनोन्महिने ठेवून ताप घेऊन आलेला रुग्णही दिसेल. फिश्च्युला हा टाक्यांचा विषय निम्माच आहे, उरलेला निम्मा तालुक्याच्या डायलिसिस केंद्रात घडतो.

अचानक बंद पडलेल्या पायाचे वेगळे. जुन्या संधिवाताच्या तापाने झडप आवळलेली बाई, हृदयाचे ठोके अनियमित, गुठळी सुटून जांघेत अडकते. पाय पांढरा, गार, नाडी नाही. किंवा हंगामात रात्री दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरखाली आलेला दुचाकीवाला, गुडघा निखळलेला आणि मागची धमनी फाटलेली. पहिल्या सहाएक तासांत रक्त पुन्हा वाहू लागले तर पाय राहतो. इथून मोठ्या ठिकाणी पोहोचेपर्यंतच बराच वेळ गेलेला असतो. फोगार्टी यांचा बलून कॅथेटर 1963 पासून उपलब्ध आहे, जांघेत जागेवर भूल देऊन गुठळी ओढून काढता येते. आमच्यासारख्या जनरल सर्जनला ते जमू शकते, जमायला हवे. हेपॅरिन (गुठळी वाढू न देणारे इंजेक्शन) लगेच द्यायचे की नाही, पोटरीच्या स्नायूंचे चारही कप्पे कधी मोकळे करायचे, कुणाला सरळ पुढे पाठवायचे, हे फोनवर विचारायला ओळखीचा माणूस असला की निर्णय लवकर होतो. आपल्याकडचा मुलगा इथे राहून गेला की तो आमचा तसा ओळखीचा माणूस होतो. हा फायदा आपल्या नियमावलीत कुठे बसवायचा ते मला माहीत नाही, पण तो खरा आहे.

आता आक्षेप. छत्तीस महिन्यांतले तीन गेले तर कॅथलॅबमधला हात कच्चा राहील, असे माझे व्हॅस्क्युलरचे मित्र म्हणतात. त्यात तथ्य आहे. म्हणून हे पोस्टिंग पहिल्या वर्षात नको, तेव्हा मुलाला काही येत नसते. शेवटच्या सहा महिन्यांत नको, तेव्हा तो परीक्षेच्या धास्तीत असतो. दुसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धात ठेवा. दोन-दोन आठवड्यांचे तुकडे करून मात्र देऊ नका. नीला पिकायला सहा आठवडे लागतात, चवडा कापलेली जखम भरायला त्याहून जास्त, आणि बिडी सोडलेला माणूस खरेच सोडलेला आहे का हे तिसऱ्या महिन्याशिवाय कळत नाही. पोस्टिंगची लांबी जखमेने ठरवावी.

दुसरा आक्षेप मीच घेतो. आमच्याकडच्या सरकारी रुग्णालयांत डॉक्टर कमी, त्यामुळे आलेल्या मुलाला कॅज्युअल्टीच्या रात्रपाळीला बसवायचा मोह होणारच. त्याला तिथे प्रसूतीच्या केसला असिस्ट करायला लावले तर या सगळ्याचा विचका होईल. म्हणून आदेशात स्पष्ट लिहा: पाय-ओपीडी, डायलिसिस केंद्र, घरी गेलेल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या भेटी, छोट्या शस्त्रक्रिया, आणि आठवड्यातून एकदा त्याच्या गाईडची दृक्‌श्राव्य फेरी. मोठे बायपास इथे करायचेच नाहीत. देखरेखीशिवाय हात आजमावायला हे रान मोकळे नाही, आमची माणसे त्यासाठी नाहीत.

डुप्लेक्सचे एक झंझट आहे. सोनोग्राफी यंत्र गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदलेल्या जागीच आणि पात्र, नोंद असलेल्या डॉक्टरनेच वापरायचे असते, आणि ते योग्यच आहे. पण मुलगा आल्यावर अर्ज करायला घेतला तर तीन महिने कागदांतच जातील. नावे आधी कळवली तर जिल्हा प्रशासनाकडे नोंद वेळेत होऊ शकेल. लॉगबुकातही जागा करा. तपासलेले पाय, सहा आठवड्यांनी पाहिलेले फिश्च्युला, तंबाखू सोडवलेले रुग्ण, यांना गुण नसतील तर हुशार मुले इथून कशी सुटायचे याच्याच वाटा शोधतील. मी त्यांच्या जागी असतो तर मीही शोधल्या असत्या.

राहिली हद्द. आपला जिल्हा निवासी कार्यक्रम राज्याच्या आत चालतो. आमचे रुग्ण ती रेषा मानत नाहीत. निपाणीचा माणूस कोल्हापूरला जातो, अथणीचा मिरजेला, खानापूरचा बेळगावला किंवा गोव्याला. सरकारी आरोग्य योजनेचे कार्ड कुठे चालते त्यावर पाय कुठे जातो ते ठरते: आरोग्य कर्नाटक की महात्मा फुले. त्या भांडणात मला इथे शिरायचे नाही, सीमाप्रश्नावर बोलणारे पुष्कळ आहेत. पण कोल्हापूर-मिरजेकडच्या संस्थेत शिकणाऱ्या मुलालाही इकडे पाठवता यावे, आणि दोन्ही राज्यांच्या वैद्यक परिषदांनी तेवढ्या काळापुरती मान्यता द्यावी, अशी तरतूद आपण करू शकता. भाषेची अडचण आहे तशी थोडी. तमिळ किंवा मल्याळी मुलगा आला तर त्याच्याबरोबर मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारी नर्स द्यावी लागेल. अशा नर्सेस आमच्याकडे हव्या तितक्या आहेत, इथल्या निम्म्या घरांत दोन्ही भाषा चालतात.

सुरुवात मोठी नको. एकाच संस्थेचे दोन विद्यार्थी, एकच वर्ष. पाय-ओपीडी आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवू, कारण त्या दिवशी खेड्यांवरची माणसे तशीही गावात येतात. पेन डॉपलर आमच्या इथल्या डॉक्टर मंडळींनी वर्गणी काढून घ्यायची तयारी दाखवली आहे. राहायची खोली, जेवणाचा डबा आणि फिरायला गाडी यांची जबाबदारी माझी. त्या संस्थेने गेल्या वर्षात शस्त्रक्रिया केलेल्या बेळगाव जिल्ह्यातल्या रुग्णांची गाव-तालुक्यासह यादी, त्यांच्या संमतीने, मुलांबरोबर द्यावी. पहिल्या महिन्यात आम्ही त्या प्रत्येकाच्या दारात जाऊ. यासाठी आपल्याकडे कुणाशी पत्रव्यवहार करायचा तेवढे कळवावे.

आपला,
निपाणी-चिकोडी पट्ट्यातला एक जनरल सर्जन